संशोधनासाठी चांद्रनमुने हवेत? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

१९६९ ते १९७२ या काळात अपोलोच्या सहा मोहिमांनी चंद्रावरून ३८२ किलो दगड-माती आणली. बहुतेक साठा ह्यूस्टनच्या जॉन्सन अंतराळ केंद्रात, नायट्रोजन भरलेल्या बंद कपाटांत ठेवला आहे. त्यातला तुकडा अभ्यासासाठी नासाकडे मागता येतो आणि त्यासाठी अमेरिकी नागरिक असावं लागत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच अपोलोच्या कणांमधल्या वैश्विक किरणांच्या खुणा तपासल्या होत्या.

अर्जदारामागे संशोधन संस्था किंवा विद्यापीठ हवं. विद्यार्थ्याने मार्गदर्शकाला प्रमुख संशोधक दाखवून अर्ज करावा. नमुने विकत मिळत नाहीत. ते उसने मिळतात, मालकी अमेरिकी सरकारचीच राहते.

अर्ज तरतो किंवा बुडतो तो प्रस्तावावर. तुमचा प्रश्न काय, त्याला चंद्राचाच दगड का लागतो, कोणतं उपकरण वापरणार, तपासणीत नमुना नष्ट होणार का, हे सगळं स्पष्ट लिहा. ‘चांगला बेसाल्ट (म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा खडक) द्यावा’ असं मोघम लिहून भागत नाही, नमुना क्रमांकानिशी मागावा लागतो. उदाहरणार्थ १५४१५ म्हणजे अपोलो १५ ने आणलेला पांढरट अॅनॉर्थोसाइट जातीचा खडक, प्रसिद्ध ‘जेनेसिस रॉक’. नासाची सूची सर्वांना खुली आहे, कोणत्या दगडावर आधी काय काम झालं तेही तिथे सापडतं. ती नीट वाचल्याशिवाय अर्जाला हात घालू नका. वजन कमीत कमी मागा. सूक्ष्मदर्शकाखालच्या पातळ छेदावर काम होत असेल, तर तेवढाच मागा.

सोबत संशोधकाचा परिचय, प्रयोगशाळेची माहिती आणि नमुना कुलूपबंद कसा ठेवणार याचा तपशील जोडा. तज्ज्ञांनी छाननी करून मंजुरी दिली की संस्थेबरोबर करार होतो. पुढे वापराचा हिशेब ठेवायचा आणि उरलेलं परत करायचं.

चांद्रमोहीम बनावट होती म्हणणाऱ्यांनी ही व्यवस्था जरूर समजून घ्यावी. खोटा दगड कोणी पन्नास वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांच्या हाती देत नाही. या दगडांच्या पृष्ठभागावर काचेचं अस्तर असलेले बारीक खळगे दिसतात. धुळीएवढे अंतराळकण प्रचंड वेगाने थेट आदळल्यावर ते पडतात, पृथ्वीवर वातावरण त्या कणांना जमिनीपर्यंत तसे पोहोचूच देत नाही. ‘मग उल्का गोळा करून दाखवल्या असतील’ हा युक्तिवादही टिकत नाही. उल्केचा बाहेरचा थर वातावरणातून येताना वितळतो, त्यावर असे खळगे उरत नाहीत, शिवाय चंद्रावरून आलेली पहिली उल्का ओळखली गेली तीच १९८२ मध्ये. त्याआधी तेरा वर्षं अपोलोचे दगड तपासले जात होते. आणि सोव्हिएत संघ तर अमेरिकेचा कट्टर प्रतिस्पर्धी. त्याच्या लूना १६ या मानवरहित यानानेही १९७० मध्ये चांद्रमाती आणली. पुढच्याच वर्षी दोन्ही देशांनी नमुन्यांची देवाणघेवाण केली, तेव्हा सोव्हिएत शास्त्रज्ञांना अपोलोची माती स्वतः तपासता आली.

अपोलोखेरीज आता दुसरा मार्गही आहे. २०२० मध्ये छांग-अ ५ या चिनी यानाने आणलेल्या १,७३१ ग्रॅम नमुन्यांसाठी चीनने परदेशी संशोधकांकडूनही अर्ज मागवले आणि काही अमेरिकी विद्यापीठांनाही नमुने दिले. तिथले बेसाल्ट सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे अपोलोच्या बेसाल्टपेक्षा बरेच तरुण आहेत. चंद्रावरचा ज्वालामुखी कधी थंडावला हा तुमचा प्रश्न असेल, तर आधी तिकडे अर्ज करा.