मर्चंट नेव्हीचा प्रवेश एजंटच्या हातात नसतो
‘मर्चंट नेव्हीत जायचं तर एजंटला लाखो रुपये द्यावेच लागतात,’ असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. हे साफ चूक आहे. २००८ साली स्थापन झालेल्या केंद्रीय इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीत, म्हणजे तिच्या नवी मुंबईच्या टी. एस. चाणक्य या कॅम्पसमध्येही, प्रवेश विद्यापीठाच्याच प्रवेश परीक्षेच्या (सीईटी) रँकवर काउन्सेलिंगमधून होतो. फी कमी नाही, हे खरं. पण ती विद्यापीठाकडे भरायची असते, कुणा मध्यस्थाकडे नाही. खरी अडचण बहुतेकदा नजरेची असते. डेकवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या बाजूला, जायचं तर चष्म्याविना ६/६ दिसावं लागतं, इंजिन साइडला थोडी सवलत आहे. म्हणून फॉर्म भरण्याआधीच डीजी शिपिंग या केंद्राच्या जहाज वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरकडे डोळे तपासून घ्या. आणि नॉटिकल सायन्सची (डेकसाठीचा अभ्यासक्रम) तीन वर्षांची बी.एस्सी. झाली की लगेच ऑफिसर होत नाही. आधी कॅडेट म्हणून जहाजावर काम, मग सेकंड मेटची, म्हणजे डेक ऑफिसर होण्यासाठीची, परीक्षा.