'लेट सीझन' म्हणजे नेमका कोणता? यलोस्टोनच्या उत्तर सीमेवरच्या एल्क शिकारीची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा बेत आखताना दोघांच्या तोंडी 'लेट सीझन' हा शब्द आला, तरी दोघे एकाच हंगामाबद्दल बोलत असतील असे नाही. एकाच्या मनात नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा असतो, दुसऱ्याच्या मनात जानेवारी-फेब्रुवारी. तिसरा डिसेंबर मनात धरून बोलतो, आणि तोही बरोबर असतो. हा घोळ समजून घ्यायचा तर यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर सीमेवरच्या गार्डिनर गावापासून सुरुवात करावी लागते.

मूळ दुखणे एका रेघेचे आहे. १८७२ साली उद्यानाची हद्द ठरली ती नकाशावर पट्टी ठेवून. एल्क उन्हाळाभर ज्या उंच पठारांवर चरतात ती आत आली. बर्फ साचल्यावर ते ज्या नदीखोऱ्यात उतरतात, त्याचा खालचा भाग बाहेर राहिला. १८९४ च्या कायद्याने आतल्या शिकारीला शिक्षा ठरली आणि १९२६ पर्यंत आतले लांडगे संपवले गेले. आत वाढलेले कळप दर कडक हिवाळ्यात रेघ ओलांडून बंदुकांसमोर येत. १९१९-२० च्या हिवाळ्यात या सीमेवर हजारो एल्क मारले गेले. पुढेही काही दशके गार्डिनरजवळ शिकारी ओळीने उभे राहून कळप बाहेर पडायची वाट पाहत. त्या ओळीचे नावच 'फायरिंग लाइन' पडले.

आत वेगळेच चालले होते. इतके एल्क या चराईला झेपत नाहीत असे उद्यान प्रशासनाचे मत होते, म्हणून १९३० च्या दशकापासून कर्मचारी स्वतःच कळप कमी करू लागले. काही जिवंत पकडून दुसऱ्या राज्यांत पाठवले, बाकीचे गोळी घालून मारले. १९६१-६२ च्या एका हिवाळ्यात चार हजारांहून जास्त एल्क मारले गेले. हेलिकॉप्टरने कळप हाकायचे, खाली रेंजरांनी टिपायचे. मांस आदिवासी वस्त्यांना दिले गेले, पण लोक खवळायचे ते खवळलेच. प्राणिप्रेमींना मारणेच नको होते, आणि शिकाऱ्यांचे म्हणणे होते की मारायचेच असतील तर आम्हाला आत सोडा. १९६३ साली तज्ज्ञांच्या समितीने कर्मचाऱ्यांकडून होणाऱ्या कपातीची बाजू उचलून धरली. तरी मार्च १९६७ मध्ये शेजारच्या व्यॉमिंग राज्यातल्या कॅस्पर शहरात सिनेटची सुनावणी झाली आणि उद्यानातली गोळीबाराने कपात थांबली. १९६८ च्या मोजणीत उत्तरेकडच्या कळपात चार हजारांहून कमी एल्क दिसले.

तिथून पुढचा निर्णय जास्त वादाचा आहे, आणि त्याची चर्चा मात्र कमी होते. उद्यानात कपात बंद झाल्यावर कळप झपाट्याने वाढला आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत दहा हजारांच्या आसपास गेला. बाहेर आलेले एल्क पशुपालकांच्या गवताच्या गंजी फस्त करू लागले. तेव्हा १९७६ मध्ये राज्याच्या वन्यजीव खात्याने गार्डिनरची उशिराची शिकार सुरू केली. ती साधारण जानेवारीच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चाले, परवाने सोडतीने मिळत आणि त्यातले बहुतेक माद्यांचे असत. प्रत्येक परवान्याला ठराविक दिवसांची पाळी असल्यामुळे फायरिंग लाइनची गर्दी टळली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढे १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार हा विषयच संपला. तिथे त्याच काळात परवाना हेच कळप आवरण्याचे मुख्य साधन ठरले.

हेतू सरळ होता. पण जानेवारी-फेब्रुवारीत गोळी घातलेली प्रौढ मादी बहुधा गाभण असते, आणि तिचे पाडस मे अखेरीस किंवा जूनमध्ये जन्मणार असते. कळप भरलेला असताना हा हिशेब कोणी मांडला नाही. १९८८ च्या वणव्यात उद्यानाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग होरपळला आणि त्या हिवाळ्यात भुकेने पुष्कळ एल्क मेले. तरीही कळप सावरला. १९९४ च्या जानेवारीतल्या मोजणीचा आकडा १९,०४५ होता, आणि तोच पुढच्या सगळ्या भांडणांचा मापदंड होऊन बसला.

१९९५ मध्ये कॅनडातून १४ लांडगे आणून सोडले, १९९६ मध्ये आणखी १७. २०१३ पर्यंत एल्कची मोजणी चार हजारांखाली आली. गार्डिनरमध्ये आजही याचे उत्तर एका शब्दात मिळते: लांडगे. मला ते पुरेसे वाटत नाही. लांडग्यांनी मुख्यतः पाडसे आणि म्हाताऱ्या माद्या उचलल्या. उशिराच्या शिकारीत पडल्या त्या बऱ्याचशा ऐन वयातल्या, दर वर्षी विणाऱ्या माद्या. शिवाय दुष्काळाची वर्षे होती, वाढलेली अस्वले नवजात पाडसे खात होती. लांडगे आल्यावरही माद्यांचे परवाने वर्षानुवर्षे हजारोंनी दिले गेले. ते शंभरापर्यंत खाली यायला २००६ उजाडावे लागले. त्यानंतर काही वर्षांत ती शिकारच बंद झाली. १९७६ चा निर्णय त्या वेळी चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. तो इतका लांबवला, ही चूक मोठी होती.

शब्द मात्र मागे उरला. आज 'लेट हंट' म्हणताना जुन्या लोकांना गार्डिनरची तीच जानेवारीतली शिकार आठवते. राज्याचा नेहमीचा रायफलचा हंगाम पाच आठवड्यांचा असतो आणि थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) रविवारी संपतो. त्याचे शेवटचे दोन आठवडे हा 'लेट सीझन'चा दुसरा अर्थ. तिसरा अर्थ २०१६ पासूनच्या 'शोल्डर सीझन'मुळे आला. हे जादा हंगाम १५ ऑगस्ट ते १५ फेब्रुवारी या मर्यादेत, मुख्य हंगामाच्या आधी आणि नंतर येतात. एल्कची संख्या ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेलेल्या भागांसाठी, मुख्यतः खाजगी जमिनींवर आणि माद्यांपुरते ते आखले आहेत. चौथा अर्थ डिसेंबरमधल्या नऊ दिवसांच्या हंगामाचा. त्यात फक्त जुन्या धर्तीची ठासणीची बंदूक चालते, आणि तो २०२१ पासून आहे. डोंगरात आत जाऊन शिकार करण्याचा बेत फेब्रुवारीपर्यंतच्या तारखांवर आधारला, तर तो जमिनीच्या मालकीवरच अडतो. दुर्गम सरकारी अरण्यासाठी 'उशिरा' म्हणजे नोव्हेंबरचा उत्तरार्धच. उलट काही आतल्या भागांत रायफलचा हंगाम १५ सप्टेंबरलाच, माजाच्या काळात उघडतो. तिथले शिकाऱ्यांचे बहुतेक तळ त्या हंगामासाठीच बांधलेले असतात.

याला आणखी एका कायद्याची जोड आहे. १९६४ चा वाइल्डरनेस कायदा चाकाला आणि मोटारीला मज्जाव करतो. यलोस्टोनच्या उत्तर सीमेला लागून असलेले सुमारे साडेनऊ लाख एकरांचे अ‍ॅबसारोका-बेअरटूथ अरण्य १९७८ मध्ये त्याखाली आले. तिथल्या हेलरोअरिंग आणि स्लू क्रीक या ओढ्यांच्या वरच्या खोऱ्यांत सायकल चालत नाही, करवतही यंत्राची चालत नाही. मारलेले जनावर न्यायला हातगाडी हवी असेल तर तीही बाहेर ठेवायची. राहतात घोडे आणि खेचरे. सप्टेंबरमध्ये ती वाटेवर चरतात. नोव्हेंबरमध्ये गवत बर्फाखाली जाते. एका जनावराला रोज नऊ किलोच्या आसपास चारा लागतो, म्हणजे दहा दिवसांचे नव्वद किलो. खेचर मात्र लादते सत्तर किलोच्या आसपास. लांबच्या तळावर ते स्वतःचा चाराही पुरता नेऊ शकत नाही, आणि परत येताना एका नराचे मांस आणि शिंगे आणायला दोन खेचरे मोकळी हवीत. चाराही तणाच्या बियांपासून मुक्त असल्याचा दाखला असलेलाच न्यावा लागतो. पेंडीच्या गोळ्या नेल्या तर त्या अस्वलाला उघडता येणार नाहीत अशा डब्यांत ठेवायच्या, कारण ग्रिझली अस्वलांचे काही मोठे नर नोव्हेंबरमध्येही बाहेर फिरत असतात.

नोव्हेंबरमध्ये एल्क विखुरलेले असतात. माद्या आणि पाडसे मोठ्या कळपांनी खाली उतरतात, आणि अलीकडे त्यातला मोठा हिस्सा उद्यानाबाहेर, गार्डिनरच्या उत्तरेकडच्या पॅरेडाइज व्हॅली या खोऱ्यातल्या खाजगी कुरणांपर्यंत जातो. माजाने थकलेले मोठे नर दोघे-चौघे मिळून वरच राहतात. वाऱ्याने बर्फ उडून गेलेल्या कडांवर आणि दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारांवर ते दिसतात. जुन्या जानेवारीच्या शिकारीत खोऱ्यात थांबले की कळप आपणहून येई. आता नर हवा असेल तर प्रवाहाच्या उलट वर जावे लागते, तेही घाटांवर बर्फ साचण्याआधी परत फिरता येईल एवढा हिशेब ठेवून. म्हणून हंगामाच्या शेवटच्या दोन आठवड्यांत अनेक जण आतला तळ मोडतात. गार्डिनरच्या वर, जार्डिन या वस्तीपाशी जिथपर्यंत रस्ता उघडा असतो तिथे मुक्काम करतात, पहाटे घोड्यावर निघतात आणि अंधार पडेपर्यंत परत येता येईल तेवढ्याच अंतरात शोध घेतात.