39 चा आकडा आणि सांगली महापालिकेचे जुने हिशेब

सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेसाठी 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झाले, दुसऱ्या दिवशी मोजणी. सभागृहाच्या 78 जागांपैकी भाजपला 39 मिळाल्या. बहुमत 40 वर. एकाच जागेचा फरक, पण या महापालिकेचा इतिहास माहीत असणारे त्याकडे दुर्लक्ष करणार नाहीत.

फेब्रुवारी 1998 मध्ये तीन गावांची मोट बांधून महापालिका झाली. सुरुवातीची वर्षे काँग्रेसची आणि मदन पाटील यांच्या शब्दाची होती. 2008 मध्ये जयंत पाटील यांनी राष्ट्रवादीसह इतरांना एकत्र आणून विकास महाआघाडी उभी केली आणि सत्ता काढून घेतली. 2013 ला मदन पाटील यांनी ती परत आणली. ऑगस्ट 2018 मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादी आघाडी करून लढले, तरी भाजपने 41 जागा घेतल्या. काँग्रेसला 20, राष्ट्रवादीला 15, उरलेल्या दोन इतरांना. पालिकेत भाजपची सत्ता येण्याची ही पहिलीच वेळ.

या निकालात प्रभागरचनेचा वाटा किती, हे सहसा बोलले जात नाही. राज्यात महापालिकांचे प्रभाग सरकारागणिक बदलत आले आहेत : 2002 च्या फेरीत तीन सदस्यांचे, 2007 ला एकाचे, 2012 ला दोघांचे, 2017 पासून चौघांचे. 2018 पर्यंत सांगलीची निवडणूक या मोठ्या फेरीच्या वर्षभर मागे असायची. चार सदस्यांच्या पद्धतीत इथे 20 प्रभाग होतात : 18 प्रभाग चौघांचे आणि दोन तिघांचे. 2011 च्या जनगणनेच्या लोकसंख्येवर हिशेब केला, तर चौघांच्या प्रभागात सुमारे 26 हजार लोक येतात. गल्लीच्या ओळखीवर निवडून येणारा इथे अडतो. त्याला चिन्ह लागते, आणि पॅनेलमध्ये, म्हणजे पक्षाने प्रभागात एकत्र उभ्या केलेल्या चौघांत, उरलेले तीन उमेदवार आपल्याला ओढतील की बुडवतील याचा अंदाज लागतो. निम्म्या जागा महिलांसाठी, शिवाय अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी आरक्षण. त्यामुळे सोडत निघेपर्यंत पॅनेलच ठरत नाही. सोडतीत हक्काची जागा गेली की मातब्बर माणूस पत्नीला उभे करतो किंवा शेजारचा प्रभाग शोधतो. बंडखोरीची सुरुवात बहुतेकदा इथूनच.

मतदाराला अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी एक, म्हणजे चार बटणे दाबावी लागतात. जागा ओळखू याव्यात म्हणून मतपत्रिकांचे रंग वेगळे : पांढरा, फिका गुलाबी, फिका पिवळा, फिका निळा. एखाद्या जागेवर कुणीच पसंत नसेल तर तिथे ‘नोटा’ दाबायचे. अनेक जण आपल्या माणसापुढचे एक बटण दाबून निघतात. मतदान पूर्ण झाल्याचा आवाज येत नाही, केंद्रावरचे कर्मचारी हाक मारतात आणि रांग तुंबते. मोजणी प्रत्येक जागेची स्वतंत्र होते. त्यामुळे एकाच प्रभागात तीन जागा एका पक्षाला आणि चौथी दुसऱ्याला जाणे नवे नाही. पॅनेल कुठे फुटले ते तिथेच दिसते, आणि पक्षाच्या एकूण आकड्यापेक्षा हे वाचणे जास्त उपयोगाचे.

आता 2021 कडे. महापौरपद अडीच वर्षांचे. भाजपचे पहिले अडीच वर्ष सुरळीत गेले. दुसऱ्या टप्प्यासाठी 23 फेब्रुवारी 2021 रोजी ऑनलाइन सभेत मतदान झाले आणि राष्ट्रवादीचे दिग्विजय सूर्यवंशी 39 विरुद्ध 36 मतांनी महापौर झाले. भाजपच्या पाच सदस्यांनी विरोधात मत दिले, दोघे गैरहजर राहिले. जनतेने दिलेले बहुमत सभागृहात अडीच वर्षेच टिकले. व्हीप म्हणजे पक्षाचा आदेश मोडणाऱ्यावर 1986 च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याखाली विभागीय आयुक्तांकडे तक्रार करता येते. पण सुनावणीला लागणारा काळ आणि उरलेली मुदत यांची शर्यत असते, आणि फुटणारा हा हिशेब आधीच करून बसलेला असतो.

त्या सभागृहाची मुदत ऑगस्ट 2023 मध्ये संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला होता, म्हणून प्रशासक आला. मे 2025 च्या आदेशानंतरच राज्यातल्या निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला.

39 चा खरा कस महापौर निवडीइतकाच स्थायी समितीत लागतो. पैशाचे निर्णय तिथे होतात. समिती 16 जणांची, वाटणी नोंदलेल्या गटांच्या संख्याबळावर : 78 पैकी 39 म्हणजे बरोबर आठ. सभापती निवडताना समसमान मते पडली तर चिठ्ठी काढून निवड. स्वीकृत, म्हणजे निवडणुकीशिवाय नेमलेले, सदस्य घेतले तरी त्यांना मताचा अधिकार नसल्याने महासभेतले गणित हलत नाही. म्हणून निकालानंतर गुलालापेक्षा पुण्यात विभागीय आयुक्तांकडे कोण कोणत्या गटात नाव नोंदवतो, याकडे जाणत्यांचे लक्ष असते. दोन-तीन सदस्यांचा छोटा गटही अशा सभागृहात उपमहापौरपद मागू शकतो.