दुर्गम भागात अटकेची नोंद कशी शोधावी : गडचिरोली जिल्ह्याच्या संदर्भात पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढले की भामरागडचा जिल्ह्याशी संपर्क तुटतो. अशा दिवसांत गावातल्या एखाद्या माणसाला 'नेले' अशी बातमी आली, तर त्याला कोणी नेले, कुठे ठेवले आणि कोणत्या कलमाखाली, हे घरच्यांना कळण्याचा मार्ग कोणता, याची माहिती येथे दिली आहे. गडचिरोली जिल्हा उदाहरणादाखल घेतला असला, तरी ही कार्यपद्धती मेळघाट किंवा अक्कलकुवा-धडगाव परिसरालाही बहुतांशी तशीच लागू पडते.

अमेरिकेतील अनेक काउंट्यांत शेरीफचे कार्यालय कोठडीतील व्यक्तींची यादी संकेतस्थळावर ठेवते आणि कोणीही नाव टाकून ती पाहू शकतो. आपल्याकडे अशी एकच खुली नोंदवही नाही. अटकेची नोंद पोलीस ठाण्यातील फलक व डायरी, जिल्हा नियंत्रण कक्ष, दंडाधिकाऱ्यांचे न्यायालय आणि कारागृह अशा निरनिराळ्या ठिकाणी तुकड्या-तुकड्यांनी असते, आणि त्यातील कोणता तुकडा मिळेल हे मागणारा कोण आहे यावर ठरते. स्वतः अटक झालेली व्यक्ती, तिचे नातेवाईक व वकील, गुन्ह्यातील फिर्यादी किंवा पीडित आणि प्रकरणाशी संबंध नसलेली त्रयस्थ व्यक्ती यांचे हक्क सारखे नाहीत.

अटक कोणी केली, हे आधी पाहावे

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग चुकीच्या दारात दिवस घालवतात. गडचिरोलीत पोलिसांखेरीज वनविभागही अटक करतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ किंवा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खालील प्रकरणाची नोंद वनपरिक्षेत्र कार्यालयात होते आणि ती पोलिसांच्या संकेतस्थळावर शोधून सापडत नाही. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी असल्यामुळे दारूच्या गुन्ह्यांची संख्याही मोठी आहे. त्यातील बहुतेक पोलीस नोंदवतात, काही राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे असतात.

दुसरा घोटाळा प्रतिबंधात्मक अटकेचा आहे. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७० खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १५१) एखाद्याला ताब्यात घेतले, तर मुळात गुन्हाच नोंदलेला नसतो; त्यामुळे एफआयआर शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ज्याला बोलीत 'चॅप्टर केस' म्हणतात ती कार्यवाही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे चालते आणि ग्रामीण भागात हे अधिकार सहसा तहसीलदारांकडे असतात. अशा वेळी तहसील कार्यालयात विचारणा करावी. याशिवाय कित्येकदा अटक झालेलीच नसते. याच संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन चौकशीला बोलावलेले असते आणि गावात मात्र 'उचलले' अशी वार्ता पसरते.

पोलीस ठाण्यात काय मिळायला हवे

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम ३७ नुसार प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला एक अधिकारी नेमलेला असावा लागतो. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि आरोपित गुन्ह्याचे स्वरूप यांची माहिती ठेवणे ही त्याची जबाबदारी असते, आणि ही माहिती ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे, डिजिटल पद्धतीनेही, प्रदर्शित करावयाची असते. म्हणजे ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे खडूने भरलेला तो काळा फलक ही केवळ ठाण्याची शोभा नव्हे. तो वाचण्याचा अधिकार कोणालाही आहे आणि त्यासाठी ओळखपत्र किंवा अर्ज लागत नाही. फलक कोरा असेल, तर नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव विचारून घ्यावे.

अटक करताना पंचनामा तयार करून त्यावर कुटुंबातील सदस्याची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घेणे कलम ३६ ने बंधनकारक केले आहे. कलम ४८ प्रमाणे अटकेची व ठेवलेल्या ठिकाणाची माहिती नातेवाइकाला, मित्राला किंवा अटक झालेली व्यक्ती सांगेल त्या माणसाला तात्काळ द्यावी लागते, आणि कोणाला कळवले याची नोंद ठाण्यातील वहीत करावी लागते. गावात ग्रामसभेचे अध्यक्ष किंवा पोलीस पाटील यांना निरोप मिळाला होता का, हे या नोंदीवरून ताडून पाहता येते. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरमध्ये आखून दिलेल्या नियमांनुसार ही माहिती १२ तासांच्या आत जिल्हा नियंत्रण कक्षालाही कळवणे आवश्यक आहे. त्यामुळे उपपोलीस स्टेशन किंवा पोलीस मदत केंद्रापर्यंत पोहोचणे शक्य नसेल, तेव्हा गडचिरोलीच्या नियंत्रण कक्षाला दूरध्वनी करून व्यक्तीचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव आणि नेल्याची अंदाजे वेळ सांगणे हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे. माडिया आदिवासींच्या गावांत एकाच नावाची अनेक माणसे असतात, म्हणून वडिलांचे नाव आणि टोला (वस्ती) सांगायला विसरू नये.

भाषेचा प्रश्न येथे वेगळा आहे. अटकेची कारणे लेखी स्वरूपात आणि अटक झालेल्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत द्यावीत, लगेच शक्य नसल्यास रिमांडसाठी, म्हणजे कोठडीच्या आदेशासाठी, दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका अपघात प्रकरणात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी स्पष्ट केले. माडिया किंवा गोंडीच बोलणाऱ्या माणसाच्या हातात मराठीतील छापील नमुना ठेवला की काम झाले, असे यापुढे म्हणता येणार नाही. ही कारणे नातेवाईक किंवा वकील मागू शकतात, आणि आरोप नेमका काय आहे हे समजण्यासाठी याच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही.

एफआयआर शोधणे

महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रकाशित एफआयआर पाहण्याची सोय आहे. जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारखांची मर्यादा निवडली की यादी येते. त्याच पोर्टलवर अटक आरोपींचीही माहिती दिली जाते, मात्र शोध दिवस व ठाण्याप्रमाणे करावा लागत असल्याने दोन्ही ठाऊक असणे गरजेचे आहे. गुन्हा ज्या हद्दीत घडला त्या ठाण्यात नोंदला जातो, माणसाला जिथे पकडले तिथे असेलच असे नाही. म्हणून शेजारच्या दोन-तीन ठाण्यांच्या याद्याही चाळाव्यात.

एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी दिला. त्याच आदेशात दळणवळणाच्या अडचणीमुळे ही मुदत ४८ आणि जास्तीत जास्त ७२ तासांपर्यंत वाढवण्याची मुभा दिली आहे. एटापल्ली-भामरागडच्या आतील ठाण्यांसाठी तीन दिवस वाट पाहूनच 'नाही' म्हणावे. लैंगिक गुन्हे, दहशतवाद व बंडखोरीशी संबंधित प्रकरणे आणि तत्सम संवेदनशील एफआयआर प्रसिद्ध केल्या जात नाहीत. या जिल्ह्यात नक्षल प्रकरणांमुळे हा अपवाद मोठा ठरतो. तरीही आरोपीला स्वतः, किंवा त्याच्या प्रतिनिधीला, ठाण्यात अर्ज करून प्रत मागता येते. फिर्यादीला किंवा पीडिताला ती कलम १७३ नुसार विनामूल्य मिळते.

यादीत सापडलेला गुन्हा रजिस्टर नंबर वर्षासकट कागदावर लिहून घ्यावा, कारण हा क्रमांक दर वर्षी एकपासून सुरू होतो आणि '४५' एवढे सांगितल्याने कोणत्याही कार्यालयात काहीही सापडत नाही.

न्यायालय आणि कारागृह

प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत अटक झालेल्या व्यक्तीला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. तेथून पोलीस कोठडी म्हणजे पीसीआर, किंवा न्यायालयीन कोठडी म्हणजे एमसीआर, यांपैकी काय मिळाले हे रिमांडच्या आदेशात असते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक आणि वर्ष टाकून किंवा पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. मात्र मुख्य खटला आरोपपत्र दाखल झाल्यावरच दिसू लागतो, तोपर्यंत जामीन अर्ज असल्यास तेवढाच सापडू शकतो. नावाने शोधताना स्पेलिंग बदलून पाहावे: मडावी, मडवी, माडावी हे एकच आडनाव तीन प्रकारे टंकलेले आढळते. आरोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे, त्यामुळे त्रयस्थाने त्याची मागणी करू नये. आरोपीला व पीडिताला ते न्यायालयाकडून विनामूल्य मिळते. आदेशाची प्रमाणित प्रत हवी असल्यास न्यायालयाच्या नक्कल विभागात नक्कल अर्ज करावा. त्यासोबत कोर्ट फी स्टॅम्प, प्रकरण क्रमांक, ओळखपत्र आणि वकिलामार्फत अर्ज असल्यास वकीलपत्र लागते.

न्यायालयीन कोठडी मिळालेल्यांना गडचिरोलीहून अनेकदा चंद्रपूर जिल्हा कारागृहात किंवा नागपूर मध्यवर्ती कारागृहात पाठवतात. तेथे भेटीला जाताना नातेवाइकाने आधार कार्ड आणि नाते दाखवणारा कागद, बहुधा शिधापत्रिका, सोबत न्यावी.

माहिती अधिकाराचा अर्ज

त्रयस्थाला, म्हणजे संशोधक, पत्रकार किंवा गावातील कार्यकर्त्याला, फलकापलीकडचे काही हवे असल्यास माहिती अधिकार अधिनियम, २००५ हाच मार्ग उरतो. अर्ज जनमाहिती अधिकारी, पोलीस अधीक्षक कार्यालय यांच्या नावे करावा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. शुल्क १० रुपये असून कोर्ट फी स्टॅम्प लावून ते भरता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखल्याची प्रत जोडल्यास ते लागत नाही. उत्तराची मुदत ३० दिवस आहे, परंतु माहिती एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर ४८ तासांची आहे. नातेवाइकाने अर्जाच्या वरच्याच ओळीत 'कलम ७(१) च्या परंतुकानुसार' असे लिहावे.

विचारणा कशी केली यावर निम्मे यश अवलंबून असते. 'अमुक इसमावर काय काय गुन्हे आहेत' असे विचारल्यास वैयक्तिक माहिती म्हणून, आणि तपास चालू असल्यास कलम ८(१)(ज) अन्वये, नकार ठरलेलाच. त्याऐवजी 'दि. १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात आपल्या ठाण्याने कलम १७० खाली ताब्यात घेतलेल्या व्यक्तींची दिनांकनिहाय संख्या आणि त्या काळातील कलम ३७ खालील प्रदर्शित माहितीची प्रत' अशी मागणी केली, तर ती नाकारणे अवघड जाते. नकार आल्यास ३० दिवसांत प्रथम अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, येथील अर्जदारांसाठी नागपूर खंडपीठाकडे, दुसरे अपील करता येते.

नोकरी किंवा भाडेकरू ठेवण्यासाठी दुसऱ्याची पार्श्वभूमी हवी असेल, तर त्या व्यक्तीला स्वतःचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र ऑनलाइन काढून देण्यास सांगावे. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत ओळख उघड करणेच गुन्हा आहे, त्यामुळे त्यांची नोंद कुठेही शोधू नये. पालकांनी थेट बाल न्याय मंडळाकडे जावे.

कोणीच दाद देत नसेल तर

अनुसूचित जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया आणि कोठडीतील कोणीही यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. १५१०० या क्रमांकावरही विचारणा करता येते. ठाण्यात दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व वेळ घ्यावी. पोच दिली नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. चोवीस तास उलटूनही माणूस दंडाधिकाऱ्यांपुढे हजर झाला नाही आणि ठाणेही 'आमच्याकडे नाही' म्हणत असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात बंदीप्रत्यक्षीकरणाची (हेबियस कॉर्पस), म्हणजे माणसाला न्यायालयापुढे हजर करावे अशी, याचिका दाखल करता येते, आणि तेथे वकील सर्वप्रथम मागतो ती हीच पोच व पोस्टाची पावती.