पार्श्वभूमी : आतड्याचा दाह कुणाला जास्त छळतो?

आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाचे मुख्य आजार दोन : मोठ्या आतड्याला व्रण पाडणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि पचनमार्गात कुठेही होऊ शकणारा क्रोन्स. कोलायटिसची तीव्रता मोजण्याचा आजही वापरला जाणारा निकष १९५५ सालच्या इंग्लंडमधल्या कॉर्टिझोन या स्टिरॉईडच्या चाचणीतून आला. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्त पडून शौचाला होणं, आणि जोडीला ताप, ९० च्या वर नाडी, उतरलेलं हिमोग्लोबिन किंवा ३० च्या वर ईएसआर (दाह दाखवणारी रक्ताची तपासणी) यांपैकी काही असलं, की रुग्ण दाखल करायचा. क्रोन्ससाठी १९७६ मध्ये गुणांची पद्धत आली. त्यात रुग्णाने आठवडाभर जुलाब आणि पोटदुखीची नोंद ठेवायची असते. या दोन्हींतून आजची अवस्था कळते, पण पुढे काय वाढून ठेवलंय ते कळत नाही.

त्याचा शोध खऱ्या अर्थाने या शतकात लागला. २००६ मध्ये फ्रान्समधल्या अभ्यासात क्रोन्सच्या अवघड वाटचालीशी तीन गोष्टी जोडलेल्या दिसल्या : चाळिशीच्या आत सुरुवात, गुदद्वाराशी भगंदर आणि पहिल्याच झटक्यात स्टिरॉईडची गरज. विडी-सिगारेटने क्रोन्स चिघळतो, हे त्याआधीच पक्कं झालं होतं. कोलायटिसमध्ये आतड्याचा किती भाग सुजला आणि व्रण किती खोल, यावर बरंच ठरतं. २००१ मध्ये सापडलेल्या क्रोन्सच्या जनुकातले पाश्चात्त्य रुग्णांत दिसणारे बदल मात्र भारतीय रुग्णांत फारसे आढळले नाहीत.

आपल्याकडचा खरा वाद एकेटीचा, म्हणजे टीबीवरच्या औषधांच्या कोर्सचा आहे. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं, नेमक्या त्याच जागी टीबीही बसतो आणि क्रोन्सही. दुर्बिणीत व्रण सारखेच दिसतात, बायोप्सीत गाठीही मिळत्याजुळत्या, आणि टीबीचे जंतू तर अनेकदा सापडतच नाहीत. मग डॉक्टर आधी एकेटी देऊन पाहतात. यात तथ्य आहे : टीबी असताना स्टिरॉईड दिलं तर तो अंगभर पसरू शकतो. पण क्रोन्स असेल, तर ते महिने हातचे जातात. क्रोन्सच्या काही रुग्णांनाही एकेटीवर सुरुवातीला बरं वाटतं आणि त्यामुळे फसगत वाढते. ज्यांना आधी एकेटी मिळाली त्यांच्यात आतडं आकसण्याचं प्रमाण जास्त, असं अलीकडे भारतातल्याच एका अभ्यासात दिसलं. म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करून व्रण भरले का, हे बघायलाच हवं. नुसतं ‘आता बरं वाटतंय’ यावर सहा महिने काढणं मला धोक्याचं वाटतं. निफाड, सिन्नर, मालेगावहून नाशिकला येणाऱ्याला दुसऱ्या तपासणीसाठी पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते, आणि ती तपासणी तिथेच राहून जाते. एकेटीच्या चिठ्ठीवरच पुढची तारीख लिहून दिली पाहिजे.

आणखी वेळ मूळव्याधीच्या नावाखाली जातो. रक्त पडलं की मलम आणि काढा. भगंदराचं ऑपरेशन होतं, पण आतडं कुणी तपासत नाही. दोष मिसळीला दिला जातो, पण तिखटाने हा आजार होत नाही. सांधेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी मात्र तो उसळू शकतो.

१९९८ नंतर प्रतिकारशक्तीला आवर घालून दाह शमवणारी बायोलॉजिक इंजेक्शनं आली. ती सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि दडलेल्या टीबीची तपासणी करतात, म्हणजे इथेही टीबीचा प्रश्न आधी सोडवावा लागतो.