वनौषधी रक्तस्तंभके आणि आतड्याची सांधणी

वाहते रक्त थांबवणाऱ्या वनस्पतिजन्य द्रव्यांना वनौषधी रक्तस्तंभके म्हणतात. पुणे जिल्ह्यात बांधाबांधावर उगवणारा दगडी पाला (एकदांडी) हे त्यांतले सर्वांच्या ओळखीचे नाव. विळा लागला की पाला चुरगळून रस जखमेवर पिळायचा, ही शेतातली जुनी रीत. वनस्पती मात्र मूळची अमेरिका खंडातली.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात रक्त थांबवण्याचे चार उपाय आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट द्रव्याने जखम सांधते, थंडाव्याने रक्त गोठते, भस्माने जखम पिकून येते आणि डागल्याने शिरा आकसतात. पुण्यात मंडईच्या आसपास काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारी लोध्राची साल या तुरट वर्गातली. तुरट द्रव्यांतील टॅनिन प्रथिनांना साकळवते. याच संहितेत फाटलेल्या आतड्याच्या कडा काळ्या मुंग्यांकडून चाववून घेऊन त्यांची धडे तोडावीत, डोकी टाक्यांसारखी तशीच ठेवावीत, असेही सांगितले आहे. रक्त थांबवणे आणि आतडे जोडणे यांसाठी वेगवेगळे उपाय दिले आहेत, हे विसरू नये.

आधुनिक तयार औषधांत तुर्कस्तानातील ‘अँकाफर्ड’चा अभ्यास बराच झाला आहे. थाइम, ज्येष्ठमध, द्राक्षवेल, कुलिंजनाची एक जात आणि दंशरोम असलेली अर्टिका यांचा हा अर्क रक्तातील प्रथिनांचे जाळे विणतो आणि तांबड्या पेशी त्यात अडकतात. तिथे तो बाहेरील जखमा व दातांच्या रक्तस्रावासाठी वापरतात.

आतड्याचा रोगट भाग काढून उरलेली टोके जोडली, की टाक्यांचा भार श्लेष्मलस्तराखालच्या (आतड्याच्या आतल्या अस्तराखालच्या) तंतुमय थरावर येतो. हे अमेरिकन सर्जन विल्यम हॅल्स्टेड यांनी १८८७ मध्ये दाखवून दिले. सुरुवातीच्या दिवसांत दाहामुळे जुने कोलॅजन (ऊतींना बळकटी देणारे तंतुमय प्रथिन) विरघळते आणि नवे अजून पुरेसे बनलेले नसते. म्हणून तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास सांधणी सर्वांत कमकुवत असते, तेवढे दिवस ती टाक्यांच्या भरवशावर उभी असते. पुरेसा रक्तपुरवठा आणि टोकांवर ताण नसणे, या दोन गोष्टींवर पुढचे बहुतेक अवलंबून. कुपोषण, धूम्रपान आणि स्टेरॉइड यांनी भरणे लांबते. रक्ताची गुठळी सुरुवातीला तात्पुरता आधार देते, पण कोलॅजनची जागा ती घेऊ शकत नाही.

आतड्याच्या सांधणीवर वनौषधी अर्कांचे प्रयोग मुख्यतः उंदरांवर झाले. त्यांत सांधणी किती दाबाला फुटते आणि त्या जागी हायड्रॉक्सिप्रोलिन (कोलॅजनचा एक घटक) किती, हे मोजतात. त्या आकड्यांवरून माणसाला औषध देता येत नाही. काढा पोटात घेऊन सांधणी पक्की होते, याला भरवशाचा आधार नाही. पुण्यात अनेक घरांत वैद्य आणि सर्जन दोघांचेही औषध एकाच वेळी चालू असते, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी चालू असलेली चूर्णे, काढे आणि लसणाच्या गोळ्या सर्जनना सांगाव्यात. लसूण बिंबाणूंचे (रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशींचे) काम मंदावतो. शस्त्रक्रियेनंतर आठवडाभरात ताप, वाढती नाडी किंवा पोटाची फुगी दिसली, तर घरगुती उपायात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. सांधणी झिरपत असेल, तर एकेक तास मोलाचा असतो.