हिरव्या ढेकण्याचं मूळ गाव

तुरीला शेंगा धरल्या, सोयाबीनचे दाणे भरायला लागले की शेंगांवर एक हिरवा, चपटा, ढालीच्या आकाराचा किडा दिसू लागतो. हाताला लागला तर उग्र वास सुटतो आणि बराच वेळ जात नाही. शेतकरी त्याला हिरवा ढेकण्या म्हणतात. शास्त्रीय नाव नेझारा विरिड्युला. आपल्या शिवारात तो इतका रुळलेला आहे की तो इथलाच, असं आपण धरून चालतो. पण हा जगभर पसरलेला कीटक आहे आणि त्याचं मूळ गाव कोणतं, हा वाद गेल्या शतकात बराच काळ चालला. त्या वादाचा उगम त्याच्या रंगात आणि नावात आहे, म्हणून आधी तो ओळखायचा कसा ते पाहू.

प्रौढ ढेकण्या साधारण 12 ते 17 मिलिमीटर लांब असतो. मादी नरापेक्षा मोठी. पाठीच्या मधोमध जी त्रिकोणी ढाल दिसते, तिच्या वरच्या कडेला तीन बारीक फिकट ठिपके एका ओळीत असतात आणि दोन्ही कोपऱ्यांत एकेक काळा टिपका. ही खूण भिंगाशिवायही दिसते आणि ओळखायला सगळ्यात कामाची आहे. मिशा पाच पेरांच्या, त्यांवर तांबूस पट्टे. तोंडाच्या जागी खाली दुमडलेली सुईसारखी सोंड. वासाच्या ग्रंथी प्रौढात छातीच्या खालच्या बाजूला उघडतात, पिल्लांत मात्र पोटाच्या पाठीवर.

मादी पानाच्या मागे षटकोनी मांडणीत अंडीपुंज घालते. एका पुंजात तीस ते शंभराच्या वर अंडी. आधी मलईच्या रंगाची, उबण्याच्या सुमारास गुलाबी-नारिंगी झाक आलेली. पिल्लं पाच वेळा कात टाकतात. पहिल्या अवस्थेत ती अंड्यांच्या टरफलांवरच घोळका करून बसतात आणि पीक खात नाहीत. पुढच्या अवस्था काळसर, पांढऱ्या ठिपक्यांच्या, कडेला गुलाबी-लाल. ही रंगीत पिल्लं म्हणजे वेगळीच कीड आली असं अनेकांना वाटतं, कारण मोठ्या हिरव्या ढेकण्याशी त्यांचं काहीच साम्य दिसत नाही.

शेतात त्याच्यासारखे दिसणारे इतरही असतात. पायझोडोरस त्याच्याहून लहान असतो आणि त्याच्या मानेमागच्या भागावर आडवी पट्टी असते. इओकॅन्थेकोना हा तपकिरी, खांद्यावर काटे असलेला ढेकण्या तर याच कुलातला असूनही अळ्या खातो. तो शेतकऱ्याचा मित्र आहे. ढेकण्या दिसला की फवारणी, या घाईत त्याचाही बळी जातो आणि मला ही गोष्ट फार खटकते.

आता नावाकडे. स्वीडनच्या कार्ल लिनियसने 1758 साली आपल्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत या किड्याला सायमेक्स विरिड्युलस असं नाव दिलं. त्या काळी सगळे ढेकण्ये सायमेक्स या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, घातले जात. घरातला रक्त पिणारा ढेकूणही त्यातच होता आणि आज ते नाव फक्त त्याच्या भाईबंदांकडे राहिलं आहे. वस्तीस्थान म्हणून लिनियसने ‘इंडीज’ असं मोघम लिहिलं. त्या काळच्या युरोपीय लिखाणात हा शब्द भारतापासून आग्नेय आशियातल्या बेटांपर्यंत कुठेही लागू होई. म्हणजे या जातीची पहिली नोंद पूर्वेकडे बोट दाखवते, पण नेमकं गाव सांगत नाही.

सतरा वर्षांनी, 1775 मध्ये, लिनियसचाच शिष्य योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस याने आणखी दोन जाती वर्णिल्या: सायमेक्स स्मारॅग्ड्युलस आणि सायमेक्स टॉर्क्वेटस. पहिली पूर्ण हिरवी. दुसरी हिरवीच, पण डोक्यावर आणि मानेमागच्या भागाच्या पुढच्या कडेला पिवळा पट्टा. नमुने टाचणीला टोचून पेटीत ठेवले की त्या वेगळ्या जाती वाटणं साहजिक होतं. पुढे पिवळसर अंगावर हिरवे ठिपके असलेला प्रकार आणि नारिंगी प्रकारही नोंदले गेले. 1843 साली आमियो आणि सर्विल या फ्रेंच अभ्यासकांनी नेझारा ही प्रजाती वेगळी काढली. ‘ब्रिटिश भारताचे प्राणिजीवन’ या ग्रंथमालेतला विल्यम डिस्टंट यांचा ढेकण्यांवरचा पहिला खंड 1902 मध्ये निघाला. त्यात ही जात आहेच. मग 1940 मध्ये पी. फ्रीमन यांनी साऱ्या नेझारा प्रजातीची नव्याने तपासणी केली.

या सगळ्यातून पक्कं झालं ते असं: हिरवा, पट्टेवाला, ठिपकेवाला, नारिंगी ही एकाच जातीची रंगरूपं आहेत. रंग आनुवंशिक असतो आणि वेगवेगळ्या रंगांचे नर-मादी सर्रास जुळतात. फॅब्रिशियसची दोन्ही नावं आता जातीची राहिली नाहीत, रंगरूपांची झाली. थंड प्रदेशात यात आणखी एक भर पडते. हिवाळ्यासाठी सुप्तावस्थेत गेलेला प्रौढ तपकिरी होतो आणि वसंतात पुन्हा हिरवा. हा बदल मात्र ऋतूचा, आनुवंशिक नव्हे.

रंगरूपांची ही यादी पुढे मूळ गावाच्या वादात उपयोगी पडली. 1960च्या दशकात जपानमधल्या अभ्यासकांनी रंगरूपांचा तपशील गोळा केला. आशियात रंगांची विविधता अधिक दिसते, म्हणून मूळही आशियात असावं, असा तर्क त्यातून निघाला. लिनियसच्या ‘इंडीज’शी तो जुळणारा होता. पण नेझारा प्रजातीतल्या इतर बहुतेक जाती आफ्रिकेत आहेत, हे त्या तर्कात बसत नव्हतं. 1986 साली हॉक्कानेन यांनी आणि 1988 साली जोन्स यांनी पूर्व आफ्रिका किंवा भूमध्य सागराचा परिसर हेच मूळ ठिकाण असावं असं मांडलं. 2006 साली पेशीतल्या तंतुकणिकांमधल्या डीएनएचा अभ्यास आला. स्लोव्हेनियातल्या संशोधकांनी युरोप, जपान, अमेरिका आणि आफ्रिकेतला बोट्स्वाना इथले नमुने ताडून पाहिले आणि कौल आफ्रिकेच्या बाजूने पडला: आफ्रिकेतून आधी आशियात, आणि युरोप-अमेरिकेत त्या मानाने अलीकडे.

मला यातलं सगळ्यात लक्षवेधी वाटतं ते संदेशांचं काम. हे ढेकण्ये जोडीदाराला बोलावतात ते झाडाच्या देठातून. पोट थरथरवून साधारण 100 हर्ट्झची कंपनं खोडात सोडतात आणि पलीकडच्या फांदीवरचा ढेकण्या ती पायांनी ओळखतो. स्लोव्हेनियात या कंपनांचा अभ्यास अनेक वर्षं झाला. 1996 मध्ये तिथल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या ढेकण्यांची कंपनं ताडली, तर त्यांची लय सारखी नव्हती. नराच्या गंधातल्या दोन घटकांचं प्रमाणही देशागणिक बदलतं, हे त्याआधीच दिसलं होतं. डोळ्यांनी पाहून जी रूपं एका नावाखाली आणली, त्यांच्यात संदेशांच्या पातळीवर अशा फारकती निघतात. वर्गीकरण पेटीतल्या नमुन्यावर संपत नाही, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे कीटक थोडे.

मूळ गाव शोधण्याची गरज संग्रहालयापुरती नव्हती. परक्या मुलखात कीड वाढली की तिचे नैसर्गिक शत्रू तिच्या जुन्या मुलखात शोधावे लागतात. ऑस्ट्रेलियाने 1933 साली इजिप्तमधून ट्रिसोल्कस बेसॅलिस ही जेमतेम मिलिमीटरभराची काळी गांधीलमाशी आणली. ती ढेकण्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते आणि त्यातून ढेकण्याऐवजी गांधीलमाशीच बाहेर येते. जैविक नियंत्रणाचं आदर्श उदाहरण म्हणून हा प्रयोग वर्षानुवर्षं सांगितला गेला. 1990 मध्ये क्लार्क यांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि यश सगळीकडे सारखं नव्हतं, हे दाखवून दिलं.

हवाईमध्ये हा ढेकण्या 1961 साली सापडला. लगेच पुढच्या वर्षी तीच गांधीलमाशी आणि कॅरिबियन बेटांवरची ट्रायकोपोडा ही माशी तिथे सोडण्यात आली. ही माशी ढेकण्याच्या नराच्या गंधाचा माग काढत येते आणि प्रौढाच्या अंगावर अंडी चिकटवते. पण हवाईत कोआ झाडावर राहणारा एक देखणा, चकाकत्या रंगांचा स्थानिक ढाल-ढेकण्या आहे, आणि या पाहुण्यांनी त्यालाही धरलं. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की त्याला धरण्याचं एकूण प्रमाण कमी असलं तरी काही जागी ते चिंता वाटावी इतकं होतं. या स्थानिक ढेकण्याच्या अंड्यांचं मोठं नुकसान मात्र अपघाताने बेटावर आलेल्या कोळ्याने आणि मुंगीने केलेलं आढळलं. शत्रू आयात करताना स्थानिक जातींची आधी चाचणी घेतली पाहिजे, हा आग्रह अशा अनुभवांतूनच वाढला आणि तो योग्यच आहे.

माणसाच्या मालाबरोबर हा ढेकण्या सहज जातो. प्रौढ फटीत, सालीखाली दडून थंडी काढतो, आणि तिसाहून अधिक कुलांतल्या वनस्पतींवर जगू शकतो. शेंगावर्गीय पिकं आणि मोहरी-कोबीचं कुल त्याच्या विशेष आवडीचं. त्याला अडवणारी खरी भिंत थंडीची.

जपानमध्ये ही भिंत सरकताना मोजली गेली. 1960च्या दशकात वाकायामा परिसरात त्याची उत्तर सीमा ठरवली होती. जानेवारीचं सरासरी तापमान 5 अंश सेल्सियसच्या खाली गेलं की तो तग धरत नाही, असा हिशेब होता. उत्तरेला त्याचाच भाऊबंद नेझारा अँटेनाटा राहत असे. 2006-07 मध्ये तोच परिसर पुन्हा पाहिला तेव्हा सीमा 85 किलोमीटर उत्तरेला गेलेली होती, म्हणजे दर दशकाला 19 किलोमीटर. ओसाकात, जिथे पूर्वी अँटेनाटाचं राज्य होतं, तिथे विरिड्युला पोचला. दोन्ही जातींचे नर-मादी एकमेकांशी जुळतात, पण त्यातून वंश पुढे जात नाही. संख्येने कमी पडणाऱ्या जातीला हा तोटा जास्त जाणवतो. युरोपातही सीमा वर चढली. 2003 साली लंडनमध्ये त्याची वीण होत असल्याचं आढळलं.

दक्षिण अमेरिकेत मात्र उलट घडलं. ब्राझीलच्या सोयाबीनवरची ही एके काळची मोठी कीड. दाणे सोंडेने टोचल्यामुळे पोचट, सुरकुतलेले होतात आणि शेंगा रिकाम्या राहिल्याने झाड काढणीच्या वेळीही हिरवंच उभं राहतं. तिथे गेल्या काही दशकांत त्याची संख्या घटली. 2016 साली पानिझी आणि लुसिनी यांनी याची कारणं मांडली: वाढती उष्णता, पर्यायी खाद्यवनस्पती कमी होणं, आणि युशिस्टस हेरॉस या तिथल्याच तपकिरी ढेकण्याशी स्पर्धा. जी उष्णता जपानमध्ये त्याला उत्तरेचा रस्ता मोकळा करून देते, तीच आधीपासून गरम असलेल्या मुलखात त्याला जड जाते. ब्राझीलच्या सोयाबीन शेतकऱ्याची मुख्य झुंज आता त्या तपकिरी ढेकण्याशी आहे.